कल्याण–नगर रस्त्यावर न चढता बघण्यासारखं काय आहे?

अनुजा_के

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कल्याणहून नगरला जायचंय, घरचंच लग्न आहे. माळशेजमार्गे आम्ही कितीदा तरी गेलोय, पण दर वेळी ठरलेलं. घाटात कठड्याशी गाडी उभी करायची, चार फोटो, भाजलेलं कणीस, आणि मग थेट आळेफाट्यावर जेवायला थांबायचं. मधे काय आहे ते आजवर बघितलंच नाही. यंदा एक दिवस आधी निघून वाटेत मुक्काम करावा म्हणते.

गाडीत माझ्याबरोबर आई आणि सासूबाई, दोघी सत्तरीच्या पुढच्या, आणि पाचवीतला मुलगा. आईचे गुडघे कुरकुरतात. वीस-पंचवीस पायऱ्या धरून धरून उतरेल, त्याहून जास्त नाही. सासूबाईंना देवदर्शन हवं, पण "अष्टविनायक झालेत गं, आता दुसरं काही दाखव" अशी तंबी आधीच मिळाली आहे. पोराला दगड गोळा करायचं वेड आणि सध्या तोंडात सतत ग्रह-तारे.

नेटवर शोधलं की एक तर पावसाळ्यातले धबधबे येतात, नाही तर हरिश्चंद्रगड आणि जीवधन. आम्हाला गाडी जवळपर्यंत जाईल अशा जागा हव्या आहेत. मुक्काम जुन्नर किंवा ओतूर, कुठेही चालेल. कुणी तिकडचं असेल तर सांगा ना.

रानभूल

शिवनेरी कराच! पायऱ्या सोप्या आहेत, हळूहळू चढलं की होतं. लेण्याद्रीलाही तीनशेच्या आत पायऱ्या आहेत. आणि माळशेजला फ्लेमिंगो बघायला विसरू नका. घाटात सूर्योदय गाठलात तर पैसे वसूल.

अनुजा_के

रानभूल, धन्यवाद, पण तीनशेच्या आत म्हणजे दोनशेच्या वर ना? :) आईला गाडीतच बसवून ठेवावं लागेल. ते नको आहे.

ओतूरचे_मास्तर

अनुजाताई, मी याच तालुक्यातला. भूगोल शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे थोडं लांबेल, सवय जात नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. जानेवारीत माळशेज घाटात थांबू नका. धबधबे आटलेले असतात, डोंगर पिवळा पडलेला असतो, आणि वळणावर गाडी उभी करून मागून येणाऱ्या ट्रकच्या शिव्या खायच्या, एवढंच पदरात पडतं. पावसाळ्यात तर दरडी कोसळतात म्हणून प्रशासनालाच तिथे गर्दीवर बंदी घालावी लागते. लोकांच्या मनात हा रस्ता म्हणजे घाट, आणि घाट संपला की प्रवास संपला. माझं मत उलटं आहे. या रस्त्यावरचं बघण्यासारखं बहुतेक सगळं घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. मधला घाट नुसता ओलांडायचा.

अलीकडचं आधी. मुरबाड, टोकावडे मागे पडलं की वैशाखरे येतं. तिथून सह्याद्रीच्या कड्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो, तो नानाचा अंगठा. त्याच्याच पोटात नाणेघाट. पुढे मोरोशी गावाजवळ गाडी बाजूला घ्या आणि मुलाला भैरवगड दाखवा. चढायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचा. डोंगराच्या माथ्यावर कुणी दगडी भिंत बांधून ठेवावी असा तो किल्ला दिसतो, पण ती भिंत माणसाची नाही. आपला सगळा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. ते थर थिजल्यावर त्यांना उभ्या भेगा पडल्या, भेगांत खालून नवा लाव्हा घुसला आणि तिथेच गोठला. पुढे ऊन-पावसाने आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि मधली टणक पट्टी उभी राहिली. पुस्तकात याला डाईक म्हणतात. आकृती काढून तासभर शिकवलं तरी मुलांच्या डोक्यात शिरायचं नाही. मोरोशीत पाच मिनिटांत शिरतं.

मग घाट, बोगदा, आणि वर आल्यावर खुबी फाटा. इथे डावीकडे वळा. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने रस्ता खिरेश्वरला जातो. हरिश्चंद्रगडाला निघालेली मंडळी पहाटे या गावातून घाईघाईने पुढे जातात आणि गावातलं नागेश्वराचं देऊळ तसंच राहतं. जुनं दगडी देऊळ आहे, बाहेरून साधं वाटतं. आत गेल्यावर मात्र मान वर करा, छताचे दगड शिल्पांनी भरलेले आहेत. तुमच्या सासूबाईंना दर्शन होईल, आईला चढ नाही. देवळात अंधार असतो. मोबाइलचा उजेड तिरका धरा, समोरून धरला तर शिल्पं सपाट दिसतात.

रोहित पक्ष्यांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, रानभूल यांनी लिहिलंय. ते उतरलेच तर घाटात नाही, या धरणाच्या उथळ पाण्यात उतरतात, आणि तेही त्यांच्या मर्जीने. त्यांच्यासाठी म्हणून जाऊ नका. दिसले तर दिसले.

पुढे मढ, डिंगोरे, बनकरफाटा. या पट्ट्यात खिडकीबाहेर बघत राहा. घाटमाथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून मढकडे भाताची खाचरं. ओतूरला येईस्तोवर कांदा आणि ऊस, आणि आळेफाटा ओलांडून आण्याच्या पठारावर गेलात की बाजरी-ज्वारी आणि पाण्याचे टँकर. तिथे पाऊस पाचशेच्या आसपास. दोन-अडीच तासांच्या रस्त्यात एवढा फरक. पर्जन्यछाया शिकवायला मला याहून चांगला फळा मिळाला नाही.

ओतूरला कपर्दिकेश्वर आहे, मांडवी नदीकाठी. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, कुस्त्यांचा आखाडा भरतो, पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत निवांत. शेजारीच चैतन्य महाराजांची समाधी. तुकोबांनी आपल्या गुरूंचं नाव बाबाजी चैतन्य असं सांगितलं आहे, ते हेच, अशी इथली श्रद्धा. वारकरी घरातली माणसं इथे आली की अर्धा तास हलत नाहीत, तेव्हा वेळ धरून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, नाणेघाट. तुम्ही म्हणाल, तो तर ट्रेक. खालून, वैशाखऱ्यातून चढलात तर ट्रेक. पण जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी थेट घाटाच्या माथ्यापर्यंत जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बनकरफाट्यावरून गणेशखिंडीने जुन्नर, तिथून पुढे तीसेक किलोमीटर. वाटेत चावंड किल्ला दिसतो आणि पूरला कुकडेश्वराचं देऊळ लागतं. कुकडी नदी तिथे उगम पावते, देऊळ कोरीव आहे आणि रस्त्यापासून लांब नाही. बारा नद्यांच्या उगमाशी शिलाहारांच्या झंझ राजाने बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, अशी परंपरा सांगतात. सासूबाईंची यादी इथेच पुरी होईल.

नाणेघाटाच्या तोंडाशी वरच मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आईंना इथपर्यंत सहज आणता येईल. तिथून खिंडीत थोडं उतरलं की डाव्या-उजव्या कातळात खोदकाम दिसतं, आणि मुख्य लेणं. उतार ओबडधोबड दगडांचा आहे. आईंनी तिथे उतरायचा हट्ट करू नये. तुम्ही आणि मुलाने उतरा.

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख आहे, नागनिका राणीचा. तिचा नवरा सातकर्णी. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत काय दिलं, गायी किती, घोडे किती, नाणी किती, याचा तो हिशेब आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात, काही जण आणखी मागे नेतात. मुलाला सांगा, अक्षरं वाचता नाही आली तरी चालेल, आकडे शोध. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनापैकी हे एक. यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, विसाला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. तरी हजारांच्या घरातले आकडे लिहिलेले आहेत. शून्याशिवाय कसे लिहिले असतील, हे त्याला आदल्या दिवशी कोडं म्हणून घाला.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजपुत्र. आता प्रतिमा नाहीत. वर नावं आहेत, खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा, मधे उघडा दगड. मला ते लेणं लेखापेक्षा या रिकाम्या भिंतीसाठी आवडतं.

आणि तुम्ही कल्याणच्या, म्हणून मुद्दाम सांगतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. आज तुमची गाडी त्याच वाटेने चालली आहे, फक्त घाट शेजारचा.

पलीकडचं (आळेफाटा, बोरी, गुळुंचवाडी) संध्याकाळी लिहितो. आता लाइट जायची वेळ झाली.

लालपरी_प्रेमी

मास्तरांनी सगळं व्यवस्थित सांगितलं. एक भर. जुन्नर भागात उसाचं रान दाट आहे आणि बिबटे भरपूर. नाणेघाटाहून अंधार पडायच्या आत जुन्नर गाठा, आणि मुलाला संध्याकाळी उसाच्या कडेला एकटं सोडू नका. घाबरवत नाही, इथली माणसं रोज पाळतात तेच सांगतोय.

घाटघरला माकडं आहेत. खाऊची पिशवी हातात दिसली की संपलंच.

ओतूरचे_मास्तर

हं, पलीकडचं.

आळेफाट्यावर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर. सगळे तिथे जेवतात आणि कुणी आळे गावात जात नाही. आळ्यात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा. भावंडं नेवाशाहून आळंदीकडे येताना इथे त्याने देह ठेवला आणि त्याला समाधी दिली, अशी कथा. भोवती देऊळ आहे, वारकऱ्यांचा राबता आहे. इतिहास म्हणून मला काही सांगता येणार नाही. पण संतांच्या समाध्या गावोगावी असताना एका मुक्या जनावराची समाधी लोकांनी इतकी शतकं जपली, ही गोष्ट मला मोठी वाटते. उतार-चढ काही नाही.

तिथून जवळच कुकडीकाठी बोरी बुद्रुक. हे तुमच्या दगड गोळा करणाऱ्या मुलासाठी. नदीच्या थडीत, गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. आपल्याकडचा ज्वालामुखी नव्हे, तो तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला. ही राख आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्याबरोबर. आणि याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत.

मग नगर रस्त्याने बेल्हे ओलांडून आणे घाट. घाट म्हणायचा म्हणून, माळशेजपुढे तो काहीच नाही. तिथे गुळुंचवाडीला मळगंगेचं देऊळ आहे आणि देवळालगत ओढ्यावर निसर्गाने घडवलेला दगडी पूल. खडकाचा वरचा थर टिकला, खालचा पाण्याने खाऊन काढला, आणि कमान उरली. जानेवारीत ओढ्याला पाणी नसतं किंवा जेमतेम असतं, म्हणून कमान नीट बघता येते. खाली उतरणं आईंच्या गुडघ्यांवर सोडा. महामार्गाला इतकी लागून असलेली अशी दुसरी जागा मी तरी पाहिलेली नाही. रोज हजारो गाड्या शेजारून जातात.

निघोजचे रांजणखळगे तुमच्या वाटेपासून थोडे आडबाजूला पडतात, अळकुटीकडून किंवा शिरूरकडून जावं लागतं. कुकडीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले खोल, गोल खड्डे. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून कातळ पोखरतात, वर्षानुवर्षं. नदीच्या एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दोन्हीकडे मळगंगाच. मधे झुलता पूल आहे, आईंना त्यावरून सगळं पात्र दिसेल. "आशियातले सगळ्यात मोठे" वगैरे ऐकाल, ते सोडून द्या. मोजलंय कुणी? जे आहे ते पुरेसं आहे. मुलाचा हात मात्र सोडू नका. खड्डे खोल आहेत, कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असेल तर कातळावर जाऊच नका.

लालपरी_प्रेमी

मास्तर, बाकी सगळं कबूल, पण बोरीला लहान पोर आणि दोन म्हाताऱ्या माणसांना नेऊन दाखवणार काय? आम्हीही ऐकून गेलो होतो. ना फलक ना कुंपण, शेताच्या कडेला पांढुरकी माती. मुलगा म्हणेल, हे कसलं ज्वालामुखी! त्यापेक्षा ती वेळ आण्याच्या पठारावर एखाद्या शेतात हुरडा खायला द्या.

ओतूरचे_मास्तर

हुरड्याला माझा विरोध नाही. पण "काय दाखवणार" याचं उत्तर देतो.

बोरीला डोळ्यांना दिसतं ते थोडं, हे खरं. म्हणून आधी गोष्ट सांगावी लागते. टोबाचा मोठा उद्रेक झाला सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी. त्याची राख समुद्र ओलांडून भारतभर पडली. पावसाने ती धुऊन नद्यांत आणली, आणि कुकडीच्या एका वळणावर साचून राहिली. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात ती शोधली. पण पुढची गंमत मुलांना जास्त आवडते. राखेच्या वयावरून तज्ज्ञांचं भांडण जुंपलं. एका पद्धतीने मोजलं तर चौदा लाख वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साडेसहा लाखांच्या पुढे, आणि राखेतल्या घटकांची तुलना केली तर ती टोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या राखेशी जुळते. राखेचं वय बदललं की त्याच गाळातल्या हत्यारांचं वयही बदलणार, म्हणून भांडण एवढं चिवट. पाचवीतल्या मुलाला हे कळतं. शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडतात हे त्याला शाळेत कुणी सांगत नाही.

थर शेतांना लागून आहे. शेतकऱ्याला विचारून जा, उकरू नका, पिशवीत भरून नेऊ नका. चिमूटभर बोटांत घेऊन चोळून बघितली तर चालेल. गाळाच्या मातीपेक्षा वेगळी लागते, पिठासारखी.

आई आणि सासूबाईंना तेवढा वेळ आळ्यात देवळात बसू द्या. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे असं थोडंच आहे.

रात्रीचा_दुर्बिणवाला

ग्रह-तारे वाचलं म्हणून लिहितोय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. रेडिओ दुर्बीण, एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्यामुळे त्या भागातून जाताना शेताच्या मधे अचानक एखादी अजस्र तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी दिसते. ताई, मुलाला सांगा, ही दुर्बीण डोळा लावून बघायची नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते, म्हणून दिवसाही चालते आणि ढगांतही.

जवळून बघितलं तर तबकडी भरीव नसते, तारांची जाळी असते. यामागे डोकं आहे. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी जास्त, त्यामुळे जाळीतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो. वजन कमी, खर्च कमी. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. जागा इथेच का, तर डोंगरांचा आडोसा आणि शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून अंतर. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी.

आत जायला आधी परवानगी काढावी लागते, जाता जाता शिरता येणार नाही. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, सगळ्यांसाठी खुलं असतं. शाळांच्या सहली, गावकरी, तुफान गर्दी, पण शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून समजावतात. तुमच्या तारखा जुळत नाहीत. या वेळी लांबून दाखवा, फेब्रुवारीत त्याला एकट्याला घेऊन या.

त्याच तालुक्यातलं आर्वी माहीत आहे का? १९७१मध्ये देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र तिथे उभं राहिलं. विक्रम साराभाईंच्या नावाने त्याचं नाव ठेवलं. थोडक्यात, या तालुक्यात नाणेघाटच्या भिंतीपासून आकाशातल्या लहरींपर्यंत सगळा पत्रव्यवहार आहे.

रानभूल

जीएमआरटीच्या अँटेना मी गडावरून कितीदा बघितल्या आणि मोबाइल टॉवरचा काहीतरी प्रकार समजून सोडून दिल्या. मास्तर, मोरोशीचा भैरवगड चढलोय, पण तो डाईक आहे हे आज कळलं.

ओतूरचे_मास्तर

चढताना कळत नाही. खालून कळतं.

अनुजा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. सासूबाईंनी रेड्याची समाधी पक्की केली, बाकी ठरवायचं ते ठरवा म्हणाल्या. आईला रांजण बघायचाय. पोराने शून्याशिवाय हजार कसा लिहायचा यावर वहीची दोन पानं भरलीत.

मास्तर, असं योजलंय, चुकत असेल तर सांगा. पहिल्या दिवशी पहाटे निघून मोरोशी, खिरेश्वर, मग ओतूर, मागे बनकरफाट्याला येऊन जुन्नर, जेवण, कुकडेश्वर, नाणेघाट, मुक्काम जुन्नर. दुसऱ्या दिवशी नारायणगाव, खोडद लांबून, बोरी, आळे, गुळुंचवाडी, नगर. निघोज परतीच्या वेळी, आम्ही पुण्यावरून येणार आहोत तेव्हा शिरूरकडून.

ओतूरचे_मास्तर

पहिला दिवस जास्त भरलाय. ओतूर काढा. बनकरफाट्यावरूनच खिंडीत वळा, म्हणजे उजेडात नाणेघाट मिळेल. दुपारी तीनच्या सुमारास पोचा. लेण्याचं तोंड पश्चिमेकडे आहे, ऊन उतरायला लागलं की अक्षरं जास्त उठून दिसतात. चैतन्य महाराजांचं दर्शन दुसऱ्या दिवशी जुन्नरहून सकाळी लवकर निघून करा. जुन्नर–ओतूर लांब नाही. मग खोडद सोडावं लागेल, पण दुर्बिणवाल्यांनी फेब्रुवारीचं आमंत्रण दिलंच आहे.

नाणेघाटात कड्यावर वारा असतो, आईंना शाल द्या. आणि दुसरा दिवस सोमवार येत असेल तर बेल्ह्यात बैलबाजार भरतो. महामार्गावर टेम्पो आणि जनावरांची गर्दी होते, अर्धा तास जास्त धरा. नाही तर उतरून बाजारच बघा, मुलाला आवडेल.

लालपरी_प्रेमी

आणि हुरडा?

ओतूरचे_मास्तर

आणे घाट चढून वर गेल्यावर. विचारावं लागत नाही, धूर दिसतो.